सिंहासनावर मूल, शिक्का आईच्या हाती

वंशपरंपरेने चालणाऱ्या राज्यात सर्वांत नाजूक काळ असतो तो राजा मरण पावल्यानंतर आणि त्याचा वारस कर्ता होण्यापूर्वीचा. या मधल्या काळात सिंहासन रिकामे ठेवता येत नाही, कारण सरदारांची निष्ठा, किल्लेदारांचे हुकूम, वतनांच्या सनदा आणि वसुलाचे अधिकार हे सारे राजाच्या नावाशी बांधलेले असतात. आणि सिंहासनावर चार वर्षांचे मूल बसवले, तर त्या नावाने निर्णय घेणारे कोणीतरी असावेच लागते. जगातील अनेक राजवटींनी हे काम काकाकडे किंवा मंत्र्याकडे सोपवण्यापेक्षा आईकडे सोपवणे अधिक सुरक्षित मानले, याचे कारण साधे होते. काकाला स्वतः गादीवर बसता येत असे, मंत्र्याला नवा धनी शोधता येत असे, पण आईची सत्ता मुलाच्या सत्तेवाचून उभीच राहू शकत नव्हती. उस्मानी दरबारात सुलतानाच्या आईला ‘वालिदे सुलतान’ असे अधिकृत पद होते. चीनमध्ये अल्पवयीन सम्राटाच्या मागे पडद्याआड बसून राजमाता कारभार ऐके, आणि १८६१ नंतर त्सशी हिने याच मार्गाने जवळजवळ अर्धशतक साम्राज्य हाती ठेवले. मराठी राज्यात असे लेखी पद कधीच नव्हते. तरीही सतराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मराठी राज्यांचे अनेक मोठे निर्णय राजमातांच्या दालनात झाले, आणि त्यांतील काहींनी आजच्या महाराष्ट्राचा नकाशा ठरवला.

पद नसताना ही सत्ता कशावर उभी होती, हा या प्रकरणाचा विषय आहे. किल्ला, खजिना आणि शिक्का ही तिची दिसणारी साधने होत. शिक्का म्हणजे पत्राच्या माथ्यावर उमटणारी राजमुद्रा आणि मोर्तब म्हणजे पत्र पुरे झाल्याची खूण म्हणून शेवटी उमटणारी लहान मुद्रा. या दोन्ही ज्याच्या ताब्यात, त्याच्या शब्दाला राज्याच्या हुकमाचे वजन मिळे. परंतु या साधनांच्या खाली आणखी एक आधार होता, आणि त्याकडे इतिहासलेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही. वारस खरा की खोटा, हे निर्विवादपणे सांगू शकणारी व्यक्ती एकच असे, ती म्हणजे त्याची आई, आणि ती नसेल तर घरातील वडील स्त्री. राजघराण्यातील स्त्रीची साक्ष हाच राजाच्या रक्ताचा पुरावा होता, आणि म्हणूनच ज्यांना एखादा राजा नको होता, त्यांनी प्रथम त्याच्या जन्मावर संशय घेतला. हा डाव दख्खनच्या इतिहासात पुन्हा पुन्हा खेळला गेलेला दिसतो.

शिवाजी महाराजांच्या उदयाच्या काळातच त्याचे एक ठळक उदाहरण आहे. नोव्हेंबर १६५६ मध्ये विजापूरचा मुहम्मद आदिलशहा वारला आणि त्याचा तरुण वारस अली गादीवर आला. दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने, अली हा मृत सुलतानाचा औरस पुत्रच नव्हे, असे कारण पुढे करून विजापूरवर स्वारी केली. ती गादी सावरून धरली बडी साहिबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजमातेने. ती गोवळकोंड्याच्या कुतुबशाही घराण्यातील होती, आणि १६५९ मध्ये अफझलखानाला शिवाजी महाराजांवर धाडणाऱ्या दरबाराची सूत्रे तिच्याच हाती होती. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जी भेट झाली, तिच्या एका बाजूस विजापूरची राजमाता होती आणि दुसऱ्या बाजूस जिजाबाई.

जिजाबाईंविषयी मराठी वाचकाला नव्याने काही सांगावे लागत नाही, पण त्यांची लोकप्रिय प्रतिमा बाळ शिवाजीला रामायण-महाभारताच्या कथा सांगणाऱ्या मातेची असल्यामुळे त्यांच्या राजकीय कामाकडे दुर्लक्ष होते. सिंदखेडच्या लखुजी जाधवांची ही कन्या शहाजीराजे कर्नाटकात असताना पुणे जहागिरीत वास्तव्य करून होती, आणि उजाड झालेला तो मुलूख पुन्हा वसवण्याच्या कामात तिचा वाटा होता. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास गेले, तेव्हा मोरोपंत पिंगळे, अण्णाजी दत्तो यांच्यासारखे कारभारी मागे राहिले तरी राज्यावरची अंतिम नजर मासाहेबांचीच होती. राजा परमुलुखात, तोही शत्रूच्या कैदेत, आणि राज्यात मात्र एकही बंड नाही, ही गोष्ट सहजासहजी घडत नसते. जिजाबाईंचे वेगळेपण असे की त्यांचा मुलगा कर्ता होता आणि दोघांच्या सत्तेत कधी संघर्ष उद्भवल्याचे दिसत नाही. मुलाच्या नावाने राज्य करण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या आतच, १७ जून रोजी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांचे निधन झाले.

पुढच्या पिढीत मात्र चित्र पालटले. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज निधन पावले आणि महाराणी सोयराबाईंनी अण्णाजी दत्तो वगैरे मंत्र्यांच्या साहाय्याने आपल्या दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवले. किल्ला त्यांच्याकडे होता, खजिना होता, मंत्री होते. नव्हते ते सैन्य. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ असूनही त्यांनी शिवाजी महाराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे यांचा पक्ष घेतला आणि दोन महिन्यांत तो डाव संपला. नऊ वर्षांनी संभाजी महाराजांच्या राणी येसूबाईंपुढे तोच प्रश्न उलट्या बाजूने आला. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगडाभोवती मोगलांचा वेढा आवळत होता आणि त्यांचा पुत्र शाहू सात वर्षांचाही नव्हता. येसूबाईंनी मुलाचा हक्क पुढे न रेटता दीर राजारामांना राज्याचा धनी मानून गडाबाहेर काढून दिले आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. गड पडल्यावर माय-लेक मोगलांच्या कैदेत गेले; येसूबाई परत साताऱ्यास आल्या त्या १७१९ मध्ये, तीस वर्षांनी. राजमातेच्या सत्तेचा इतिहास लिहिताना सत्ता घेणाऱ्या स्त्रियांचीच नावे पुढे येतात. सत्ता सोडून राज्य वाचवणाऱ्या येसूबाईंचा निर्णय त्या सर्वांहून कठीण होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

या साऱ्या प्रवाहाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गुंतागुंतीचा अध्याय हंबीरराव मोहित्यांच्या कन्येने, ताराबाईंनी लिहिला. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. त्यांचा मुलगा शिवाजी चार वर्षांचा होता, सवत राजसबाईंना संभाजी नावाचा दोन वर्षांचा मुलगा होता, आणि संभाजी महाराजांचा पुत्र शाहू मोगलांच्या छावणीत जिवंत होता. राज्यावर पहिला हक्क शाहूचा, असे मानणारे लोक कारभाऱ्यांतही होते. ताराबाईंचे उत्तर असे होते की संभाजी महाराजांचे राज्य त्यांच्याबरोबरच गेले, पुढे जे उभे राहिले ते राजारामांनी नव्याने कमावले, आणि कमावणाऱ्याच्या मुलाकडे ते गेले पाहिजे. वारसाहक्काच्या शास्त्रात हा युक्तिवाद किती टिकतो याबद्दल मतभेद होतील. तो मांडणाऱ्या विधवेने पुढील सात वर्षे तो रणांगणावर टिकवला, हे मात्र निर्विवाद आहे. औरंगजेब स्वतः किल्ल्यामागून किल्ला घेत फिरत होता. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा अशी ती मालिका होती, आणि अनेक ठिकाणी तोफांपेक्षा किल्लेदाराला दिलेल्या पैशाने काम झाले. ताराबाईंनी किल्ला शेवटपर्यंत लढवायचा, मग योग्य मोल घेऊन सोडायचा आणि मोगल सैन्य पुढे सरकले की परत घ्यायचा, अशी नीती चालू दिली आणि त्याच वेळी मराठी फौजा माळव्यात आणि गुजरातेत पाठवून युद्धच शत्रूच्या घरात नेले. खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारालाही या बाईच्या बुद्धीची आणि कारभाराची दखल घ्यावी लागली. १७०७ मध्ये औरंगजेब दख्खनमध्येच वारला, तेव्हा मराठी राज्य बुडालेले नव्हते.

मोगलांनी जे पंचवीस वर्षांच्या लढाईने साधले नाही, ते एका सुटकेने साधले. बादशहाच्या मुलाने शाहूला सोडून दिले, त्याची आई येसूबाई मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतली. ताराबाईंनी तत्काळ जाहीर केले की आलेला मनुष्य शाहू नसून तोतया आहे. जन्मावर संशय घेण्याचा हा तोच जुना डाव होता, फक्त या वेळी तो एका राजमातेने दुसऱ्या राजमातेच्या मुलावर खेळला, आणि त्याचे खंडन करू शकणारी एकमेव स्त्री दिल्लीकरांच्या कैदेत होती. तरीही तो फसला, कारण शाहूला पाहिलेली, ओळखणारी माणसे महाराष्ट्रात अजून जिवंत होती. सेनापती धनाजी जाधवांची खात्री पटली, ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडच्या लढाईत ते शाहूस मिळाले, आणि जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्यास वेगळी गादी मांडली. १७१४ मध्ये राजसबाईंनी त्याच पन्हाळ्यावर ताराबाईंना मुलासह कैद करून आपल्या संभाजीला कोल्हापूरच्या गादीवर बसवले. आईने आईचाच डाव तिच्यावर उलटवला. कैदेतच ताराबाईंचा मुलगा वारला. शाहू आणि कोल्हापूरकर यांच्यातील वारणेच्या लढाईनंतर त्या शाहूंच्या आश्रयाने साताऱ्यास राहू लागल्या, आणि त्यांचे राजकारण संपले असे सर्वांनी धरले.

ते संपलेले नव्हते. शाहू महाराजांना पुत्र नव्हता आणि त्यांचे आयुष्य सरत आले, तेव्हा ताराबाईंनी उघड केले की कैदेत वारलेल्या आपल्या मुलाला एक पुत्र झाला होता, सवतीच्या भीतीने तो गुप्तपणे बाहेर काढून पानगाव येथे वाढवण्यात आला आहे, आणि भोसले घराण्याचा खरा वारस तोच, रामराजा. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू वारले आणि काही दिवसांतच रामराजाला साताऱ्यास आणण्यात आले. या मुलाचा जन्म कोणी पाहिला होता? साक्ष होती ती फक्त आजीची. म्हणून जमलेल्या मराठा मंडळींसमोर ताराबाई रामराजासह एका ताटात जेवल्या आणि हातातल्या अन्नाची शपथ घेऊन हा आपला नातू असल्याचे त्यांनी सांगितले. आज या प्रसंगाकडे विधी म्हणून पाहिले जाईल, पण त्या काळात अशा साक्षीला मोठे वजन होते. अन्नाची शपथ खोटी घेणाऱ्याला आपल्या जातीत आणि घरात उभे राहायला जागा नसे. ज्या वृद्ध स्त्रीने सारे आयुष्य भोसल्यांच्या गादीसाठी घातले, तिने ताटावर बसून दिलेला शब्द सरदारांनी मान्य केला आणि त्या शब्दावर एक राजा उभा राहिला.

हा राजा आपल्या सांगण्याप्रमाणे चालेल, पेशव्याला आवरेल आणि छत्रपतींचे अधिकार छत्रपतींकडे परत येतील, अशी ताराबाईंची अपेक्षा होती. नानासाहेब पेशव्यांनी मात्र १७५० मध्ये सांगोला येथे कारभाराची सूत्रे रामराजाकडून आपल्या हाती लिहून घेतली. त्यावर पंचाहत्तर वर्षांच्या ताराबाईंनी २४ नोव्हेंबर १७५० रोजी चंपाषष्ठीच्या निमित्ताने रामराजाला सातारच्या किल्ल्यावर बोलावले आणि त्याला तेथेच अटकेत ठेवले. पेशवा तेव्हा दूर निजामाच्या मुलखात मोहिमेवर होता. ताराबाईंनी उमाबाई दाभाड्यांशी संधान बांधले. उमाबाई स्वतः अशाच एका मातेचे उदाहरण होत्या. पती खंडेराव सेनापती वारले, पुत्र त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध लढताना पडले आणि त्यानंतर धाकट्या मुलाच्या नावाने सेनापतिपदाचा कारभार त्यांनी चालवला होता. त्यांच्या वतीने दमाजी गायकवाड फौज घेऊन साताऱ्यापर्यंत आले, पण अखेर पेशव्याच्या कैदेत पडले. किल्ल्यातल्या शिबंदीतील आनंदराव जाधव याने रामराजाला सोडवण्याचा विचार केला, तेव्हा ताराबाईंनी त्याचा शिरच्छेद करविला. पेशव्याला तो किल्ला जिंकून घेणे अशक्य नव्हते; पण आत छत्रपती होता आणि त्याच्यावर तोफ डागणारा चाकर ठरणे त्याला परवडणारे नव्हते.

तडजोड झाली ती जेजुरीला. सप्टेंबर १७५२ मध्ये खंडोबाच्या देवळात दोन्ही पक्षांनी शपथा घेतल्या, आणि त्या शपथेत ताराबाईंनी सांगितले की रामराजा आपला नातू नाही. सुमारे अडीच वर्षांपूर्वी अन्नावर हात ठेवून जी साक्ष दिली होती, तीच देवासमोर मागे घेतली. हट्टी, सत्तालोभी म्हातारीचा लहरीपणा म्हणून अनेकांनी हा प्रसंग रंगवला आहे आणि ते न्याय्य नाही. छत्रपतींच्या अधिकाराचा प्रश्न त्या काळात उघडपणे विचारणारी, आणि त्यासाठी पेशव्याशी दोन हात करणारी व्यक्ती मराठी राज्यात तेव्हा जवळजवळ एकटी तीच होती. पण त्या प्रश्नाला लागणारे शस्त्र तिने स्वतःच मोडले, हेही तितकेच खरे. रामराजाला राजा करणारी साक्ष तिची होती. ती मागे घेतल्यावर साताऱ्यास उरला तो ज्याच्या रक्ताबद्दल त्याच्या आजीलाच खात्री नाही असा राजा, आणि अशा राजाला पेशव्याच्या हातातली मुद्रा होण्यापलीकडे काही करता येणे शक्य नव्हते. पेशव्यांच्या काळात छत्रपती नामधारी झाले, असे आपण सहज म्हणतो. त्या प्रक्रियेत जेजुरीची शपथ ही एक मोठी पायरी होती. ताराबाई डिसेंबर १७६१ मध्ये वारल्या, पानिपतानंतर, आणि ज्याने त्यांना हतबल केले त्या नानासाहेबांच्याही नंतर.

कोल्हापूरच्या गादीवर त्याच सुमारास दुसऱ्या जिजाबाईंनी, संभाजी महाराजांच्या राणीने, अधिक थंड डोक्याने काम केले. १७६० मध्ये पती वारले तेव्हा मूल नव्हते, आणि ते राज्य साताऱ्यात विलीन करावे असा पेशव्यांचा मानस होता. जिजाबाईंनी तो चिवटपणे रोखला, १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेण्याचा हक्क मिळवला आणि १७७३ पर्यंत त्याच्या नावाने कारभार केला. कोल्हापूरचे संस्थान १९४९ पर्यंत टिकले, त्याचा पाया या दत्तकविधानात आहे.

पेशव्यांच्या घरातही आईची सत्ता होती, पण तिला छत्रपतींच्या घरातले वजन नव्हते, कारण पेशवा हा राजा नसून राजाचा प्रधान, आणि त्याची नेमणूक साताऱ्याहून आलेल्या वस्त्रांनी होई. ही वस्त्रे म्हणजे पद बहाल केल्याचे चिन्ह असलेला मानाचा पोशाख. वाईच्या रास्ते घराण्यातील गोपिकाबाईंनी पानिपतावर मोठा मुलगा विश्वासराव गमावला आणि पाच महिन्यांत पती नानासाहेब. सोळा वर्षांच्या माधवरावाला पेशवाई मिळाली; काका रघुनाथराव आणि आई दोघांनाही वाटे की सूत्रे आपल्याकडे असावीत. माधवरावाने दोघांनाही ती दिली नाहीत. गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या आणि पुढे त्यांनी नातू सवाई माधवरावाला दिनचर्या आणि वागणूक कशी असावी याविषयी लिहून पाठवलेला उपदेश मराठी पत्रवाङ्मयात प्रसिद्ध आहे. उठण्याच्या वेळेपासून बैठकीपर्यंत सारे बारकावे त्यात आहेत. वाचताना जाणवते ते असे की, राज्याच्या निर्णयांपासून दूर राहिलेल्या या स्त्रीला राजा घडवण्याचे काम मात्र अखेरपर्यंत आपले वाटत होते.

सवाई माधवरावाच्या जन्माची हकीकत या प्रकरणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण तिची किंमत मुंबईच्या उपनगरांनी मोजली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात माधवरावानंतर पेशवा झालेल्या त्याच्या धाकट्या भावाचा, अठरा वर्षांच्या नारायणरावाचा, खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावाला दोषी ठरवले. लोककथेने मात्र सारा ठपका त्याची पत्नी आनंदीबाई हिच्यावर ठेवला, आणि राजघराण्यातील अपराध स्त्रीच्या माथी मारण्याची ही सवय इतर देशांच्या इतिहासातही तशीच दिसते. रघुनाथराव पेशवा झाला. पण नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी, ज्यांना ‘बारभाई’ म्हणतात, १७७४ च्या आरंभी तिला पुरंदर किल्ल्यावर नेले. सोबत सदाशिवरावभाऊंची विधवा पार्वतीबाई होत्या, त्या केवळ आधार म्हणून नव्हेत, तर घरातील वडील स्त्री आणि साक्षीदार म्हणूनही. महिन्यामागून महिने एका मोठ्या राज्याचा कारभार एका न जन्मलेल्या मुलाच्या नावाने चालला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचा होताच त्याला साताऱ्याहून वस्त्रे आली.

विरोधकांनी अपेक्षित तेच केले. मूल गंगाबाईंचे नाही, मुलगा हवा म्हणून किल्ल्यावर इतर गरोदर ब्राह्मण स्त्रिया आणून ठेवल्या होत्या, अशा कंड्या पिकवण्यात आल्या. त्या खऱ्या मानण्यास आधार नाही. पण त्यांनी रघुनाथरावाला हवे ते दिले: आपण बंडखोर नसून हक्काचे पेशवे आहोत, असे परक्यांना सांगण्याची सोय. आणि परके वाटच पाहत होते. मुंबईच्या इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदर-ठाण्यापर्यंतचे ते बेट, ज्यावर आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि पवई वसले आहेत. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी ते पोर्तुगिजांकडून घेतले होते. पुण्यात वारसाचा तंटा पेटलेला पाहून, आणि पोर्तुगीज पुन्हा साष्टीवर चालून येणार अशी वार्ता लागताच, इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याला वेढा दिला आणि वर्ष संपण्यापूर्वी तो घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने रघुनाथरावाने साष्टी व वसई देऊन त्यांची मदत विकत घेतली. पुढे पुरंदरचा तह झाला, १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने पेशवाईवर गंगाबाईंच्या मुलाचा हक्क कायम झाला. वसई मराठ्यांकडे राहिली, साष्टी मात्र इंग्रजांकडे गेली ती कायमची.

याच साष्टीतले पवई तेव्हा डोंगरांमधल्या भातखाचरांचे आणि झाडीचे एक गाव होते, आसपास तिरंदाज, कोपरी, साकी, पासपोली, तुंगवे अशी वस्ती होती. साष्टी कंपनीकडे गेल्यावर या गावांची मिळून जमीनदारी तयार झाली. ती प्रथम एका इंग्रज डॉक्टरकडे आणि १८२९ च्या सुमारास फ्रामजी कावसजी या पारशी व्यापाऱ्याकडे आली. १८९१ मध्ये खोऱ्यात बांध घालून शहराच्या पाण्यासाठी तलाव झाला, स्वातंत्र्यानंतर त्याच्या काठी आयआयटी आली. मुंबई बेटाला लागून असलेला हा सारा मुलूख पेशव्यांकडे राहिला असता, तर मुंबईची वाढ १८१८ मध्ये पेशवाई बुडेपर्यंत तरी माहीमच्या खाडीशी अडली असती. पुरंदरवरची बाळंतीण या घडामोडींच्या केंद्रस्थानी होती आणि तरी त्यांतील एकही निर्णय तिचा नव्हता. ताराबाईंकडे मूल, किल्ला आणि शिक्का तिन्ही होते. गंगाबाईंकडे मूल होते, बाकीचे नाना फडणीसांकडे. १७७७ मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांचा मुलगा तीन वर्षांचा होता आणि राज्याच्या कारभारात त्यामुळे काहीही खंड पडला नाही.

मुलाच्या आडून राज्य करण्याची ही पद्धत मुत्सद्द्यांना किती सोयीची होती, हे होळकरांच्या घरात सर्वांत उघडे पडले. १७६७ मध्ये अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव वारला, तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अहिल्याबाईंना सुचवले की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि आपण निवांत राहावे. कारभार दिवाण पाहणार, हे सांगण्याची गरज नव्हती. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला, रघुनाथराव फौजेनिशी आला तरी त्या डगमगल्या नाहीत, माधवराव पेशव्यांची मान्यता त्यांनी मिळवली आणि फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे देऊन १७९५ पर्यंत राज्य स्वतःच्या नावाने केले. मराठी राज्यांतील कर्त्या स्त्रियांत त्या अपवाद ठरतात त्या याच अर्थाने की मुलाच्या नावाची ढाल त्यांनी घेतलीच नाही. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी ती घेतली आणि त्याचे परिणामही भोगले. १८२७ मध्ये पती दौलतराव वारल्यावर त्यांनी जनकोजीस दत्तक घेतले, पण मुलगा वयात येताच त्याला सत्ता हवी झाली, सैन्य त्याच्या बाजूने गेले आणि १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. इंग्रजांचे सरकार या वादात कोणाच्याही बाजूने ठाम उभे राहिले नाही, कारण दोघांनाही आपली गरज पडत राहावी हेच त्याला सोयीचे होते.

बडोद्याला याचा अखेरचा मोठा प्रयोग झाला. १८७० मध्ये खंडेराव गायकवाड वारले तेव्हा महाराणी जमनाबाई गरोदर होत्या, म्हणून खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांची गादी जन्म होईपर्यंत अधांतरी राहिली. मुलगी झाली आणि गादी मल्हाररावांना मिळाली. पुढे मल्हाररावांना लक्ष्मीबाईंपासून मुलगा झाला, तेव्हा त्या विवाहाच्या वैधतेवर आणि मुलाच्या हक्कावर शंका घेण्यात आली. ती घेणाऱ्यांत आता इंग्रज रेसिडेंट होता. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि दत्तक घेण्याचा अधिकार जमनाबाईंना देण्यात आला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा मे १८७५ मध्ये त्यांच्या मांडीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. मुलगा निवडण्यात महाराणीचा शब्द चालला, पण त्याला शिकवायला इलियट नावाचा इंग्रज अधिकारी नेमला गेला, राज्य चालवायला सर टी. माधवराव दिवाण आले, आणि शिक्का कोणी कधी वापरायचा हे कलकत्त्याहून ठरू लागले. १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले ते व्हाइसरॉयच्या मान्यतेने. राजाच्या रक्ताचा पुरावा म्हणून आता आईच्या साक्षीची जरुरी उरली नव्हती; ते काम सरकारी राजपत्रातील नोंदीने घेतले होते.